जास्तीचं ताट

राडेक, तू सातला येतो म्हणालास. नऊ वाजले.
बीटाचं सार दोनदा गरम करून झालं,
अळंबीचा वास पडद्यांत बसला.
टेबलावर पांढरी चादर, चादरीखाली मूठभर गवत,
गव्हाणीची आठवण. तुझी आजी घालायची तसंच.
आणि ताटं तीन:
तुझं, माझं,
आणि एक जास्तीचं, न सांगता येणाऱ्यासाठी.

बासष्ट नाताळ मी ते मांडलं
आणि कोरडंच उचलून कपाटात ठेवलं.
कधी धुऊनही ठेवायचे, उगीच,
कोणी जेवून गेल्यासारखं वाटावं म्हणून.
लहानपणी तू विचारायचास, कोण येणार आहे गं?
मी म्हणायचे, काटे काढून खा मुकाट्याने.

आज ते ताट लाल आहे.
थांब, आधी दुसरं सांगते.

ऑक्टोबरात एकदा रात्री दार वाजलं होतं.
दोनदा. मग नखांनी खरवडल्यासारखं.
तू कामावर होतास, तुमच्या त्या पोलादी कुंपणाशी.
मी दिवा मालवला.
अंथरुणात बसून जपमाळेचे मणी ओढत राहिले,
एक दशक संपेपर्यंत आवाज गेला.
सकाळी फाटकावर लहान मुलाचा मोजा.
एकच. वाळत घातल्यासारखा.
चार दिवसांनी दलदलीत बाई सापडली,
तूच सांगितलंस, पाव कापता कापता.
मूल होतं का बरोबर, हे मी विचारलं नाही.
मोजा शिवणाच्या डब्यात आहे. तळाशी.

मागच्या रविवारी पाद्री कन्स्टंटींनी
लुटून रस्त्याकडेला टाकलेल्या माणसाची गोष्ट सांगितली.
शेजारी कोण, असं विचारलं
आणि कोळशाच्या वर्गणीची यादी वाचायला घेतली.
मी बाकावर मोजत होते:
याजक बघून गेला. लेवी बघून गेला.
ऑक्टोबरात मी तर बघितलंही नाही.

आमच्याकडे शेजारी म्हणजे
ज्याच्याकडून खमीर उसनं आणता येतं.
तेओफिल शेजारी. खमीर देतो.
जंगलात कोणी दिसलं की तुम्हाला फोनही करतो.
त्याची खिडकी माझ्या अंगणावर आहे,
तेव्हा तुला आधीच कळलं असेल कदाचित.

तर आज, पहिली चांदणी उगवायच्या आत,
बटाट्याच्या कोठारात कोणीतरी खोकलं.
मी फावडं घेऊन गेले. खोटं कशाला सांगू.
पोत्यांमागे एक माणूस, तुझ्याच वयाचा,
बोटं काळीनिळी, दाढीत बर्फ.
हात वर केले त्याने. फावडं खाली ठेवायला
मला जरा वेळ लागला.

नाव सांगितलं; माझ्या जिभेवर ते बसेना.
प्रसादाची पापडी मोडून दिली
तर कागद समजून घडी करून खिशात ठेवली त्याने.
मी माझी खाऊन दाखवली.
तेव्हा हसला. पुढचा एक दात नाही.
सार प्यायला, दोन वाट्या,
मासा नको म्हणाला, मग तोही खाल्ला.
उठताना हाताने टेबलावरचा भुगा गोळा केला,
तुझे बाबा करायचे तसा.

कायदा मला कळत नाही, राडेक.
तुझ्या गणवेशाची बटणं मीच घट्ट केली आहेत,
तुझ्या पगारात छप्पर झालं,
हे मी विसरले नाही.
तू वाईट आहेस असंही म्हणत नाही.
त्या रात्री दार बंद ठेवणारी मीच होते,
तू नव्हतास.

वळणावर तुझ्या जीपचे दिवे दिसले.
ताट धुतलेलं नाही.
अंगणातला बर्फही झाडलेला नाही:
कोठारापासून उंबऱ्यापर्यंत पावलं आहेत,
माझी, आणि माझ्याहून मोठी,
उजवा पाय ओढलेला.
माग काढायला तुला सरकारने शिकवलं.
अक्षरं मी शिकवली,
याच टेबलाशी, बोट धरून.

बूट बाहेर काढ.
सार पुन्हा गार झालं.